पाच, एक की तीन?

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. २२ जानेवारी १९७४

ती. अक्कास,
शिवशरणचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तू बार्शीहून धाडलेलं स्थळ रविवारी महानंदाला बघून गेलं. गणिताचे प्राध्यापक रेवणसिद्ध, आडतीचा धंदा करणारे त्यांचे वडील सिद्धप्पा आणि जीपभर नातेवाईक. उप्पीट पुन्हा मागून घेतलं, म्हणून मी निश्चिंत झालो. तिथंच चुकलं.

मुलीला काहीतरी विचारायचं म्हणून सिद्धप्पांनी मुलालाच पुढं केलं. दुसरा कुणी असता तर पुरणात गूळ किती घालतेस असं विचारून मोकळा झाला असता. यांनी विचारलं की तीनचं वर्गमूळ अधिक दोनचं वर्गमूळ गुणिले आय, या संख्येचा वर्ग किती. आपली पोरगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, तीही गणित घेऊन. तिनं मान खाली घालून सांगितलं, एक अधिक दोन गुणिले सहाचं वर्गमूळ गुणिले आय. प्राध्यापक म्हणाले की पुढचं सगळं बरोबर, पण सुरुवातीला एक नव्हे, पाच. इथं गप्प बसायचं असतं, हे कॉलेजात शिकवत नसावेत. ही म्हणाली, एकच.

सिद्धप्पांनी बोटं मोजली. म्हणाले की तीन नि दोन पाच व्हत्यात की, बेरीज करून माल कमी झालेला आमी तर कुटं बघितला न्हाय. जीपमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्का, तुझ्यापाशी काय लपवू, मीही डोलावली.

आजवर प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी पोरगी या मुलाविषयी पहिल्यांदाच काही वाकडं बोलली नाही. म्हणून जीव टांगणीला लागलाय. तू मध्ये पड आणि मार्ग काढ. माया आहेच, ती या भानगडीनं आटू देऊ नकोस.

तुझा,
शिवशरण


बार्शी,
ता. २८ जानेवारी १९७४

चि. शिवशरण यास अनेक आशीर्वाद.

सिद्धप्पांच्या पेढीवर जाऊन आले. आधी खूप फुगले होते. मुलीनं बैठकीत मुलाचं उत्तर खोडलं, उद्या घरात काय काय खोडेल, असं म्हणाले. मी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं.

मग ते मूळ स्वभावावर आले. हातावर उपरणं टाकायचं, आत बोटं दाबायची आणि भाव तोडायचा, यात त्यांचा जन्म गेलेला. मी बाईमाणूस, म्हणून उपरणं न टाकताच म्हणाले की आमचे पाच, तुमचा एक, मधले तीन धरू. ते दोन उतरतील, आपण दोन चढायचं. साखरपुड्याला महानंदानं चारचौघांत तीन म्हणायचं, की लगेच नारळ. अरे, आपण होऊन दोन उतरणारा वरपक्ष मी अजून पाहिला नव्हता! मी तिथल्या तिथं होकार दिला.

पोरीला समजाव. तीन हा काही वाईट आकडा नाही. तुम्हां सगळ्यांना उदंड आयुष्य लाभो.

तुझी,
अक्का


सोलापूर,
ता. ४ फेब्रुवारी १९७४

ती. आत्यास,
महानंदाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तीन वाईट नाही, पण ते उत्तर नाही. एकदाच सांगते, रागावू नकोस. तीनच्या वर्गमुळाचा वर्ग तीन. आय ही अशी संख्या की तिचा वर्ग वजा एक. म्हणून दुसऱ्या भागाचा वर्ग वजा दोन. तीनातून दोन गेले की एक उरतो. प्राध्यापकांनी ती वजाची खूण विसरून सरळ बेरीज केली. घाबरल्यावर माझंही होतं तसं.

हे त्यांनाही कळलंय. त्यांचं मला पत्र आलं. परतताना वाटेत वैराग गाव यायच्या आतच चूक लक्षात आली म्हणे. पण वडिलांना कसं सांगायचं? तेव्हा मी तीन म्हणावं, लग्नानंतर घरात आपण दोघं एकच धरू, असं लिहिलंय. बाबांना ही तोड फार आवडली.

आत्या, लिहायला लाज वाटते, पण ते मला आवडलेत. रंग, उंची, स्वयंपाक सोडून काय शिकतेस म्हणून विचारणारे ते पहिलेच. मी दोन रात्री रडले. माझी एकच अट त्यांना सांग. त्यांनी वडिलांसमोर एक म्हणावं. त्यांनी म्हटलं तर मी उद्या बोहल्यावर उभी राहीन. तुझा हात माझ्या पाठीवर राहू दे.

तुझी,
महानंदा


बार्शी,
ता. ११ फेब्रुवारी १९७४

चि. महानंदास पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी तुलाच शिव्या घातल्या. अट बाजूला ठेवून, पोरगी तीन म्हणेल असं परस्पर सांगून टाकायचं, असं ठरवूनच त्यांच्या घरी गेले.

रेवणसिद्ध ओट्यावर शिकवणी घेत होता. फळ्यावर तुझंच गणित होतं आणि उत्तरात चांगला ठसठशीत एक. तू मला लिहिलंस तेच तो मुलांना सांगत होता, अगदी गोड आवाजात. वजाची खूण विसरू नका म्हणून बजावत होता. मी उंबऱ्याशी उभी राहून मनात साखरसुद्धा वाटली.

इतक्यात सिद्धप्पा पेढीवरून आले. फाटकाची कडी वाजली, तसं त्यानं फडकं घेतलं आणि तेवढा एक पुसून टाकला. पोरं बघत होती. पाच लिहिला नाही, तीनही लिहिला नाही. फडकं हातात धरून माझ्याकडे बघून हसला.

मी चहा घेतला नाही. आमच्याकडून नाही, एवढं सिद्धप्पांना सांगून निघाले. तुझ्या बापाला वेगळं खरमरीत लिहिलंय. एम.एस्सी.साठी कोल्हापूरला जायचं बघ. रडू येईल तेव्हा इकडे ये, मलाही येतंय. पण तीन म्हणू नकोस. माझ्यावर लोभ ठेव.

तुझी,
आत्या