रोह्याच्या बँकेत पुन्हा जाण्याआधी

बाबा,

बँकेनं मला दोनदा नाही म्हटलं आणि दोन्ही वेळा चूक बँकेची नव्हती. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही तिथून मॅनेजरला शिव्या घालणार नाही. पेणजवळ जोह्याला आपल्या कारखान्यामागं गणपती वाळवायला पक्की शेड हवी आहे. आता शाडूला मागणी वाढली आहे आणि शाडू पावसाळ्यात वाळता वाळत नाही. दोन मोसमांपूर्वी श्रावणात निम्म्या मूर्तींना तडे गेले, घेतलेली ऑर्डर परत करावी लागली. असं पुन्हा झालं तर व्यापारी दुसरं दार धरतील आणि कारखान्याला कुलूप लागेल.

पेणच्या बँकेनं अर्ज परत केला तेव्हा मी कारणसुद्धा विचारलं नाही. नाक वर करून सासरी रोह्याला आले आणि त्याच आठवड्यात इथल्या बँकेत तेच कागद दिले. तुमचीच लेक. इथंही नकार. पण इथल्या साहेबीणबाई बऱ्या निघाल्या. "पेणला का नाय म्हणाले, ते विचारलंत का?" मी नकारार्थी मान हलवली. "मग ताई, तोच अर्ज इथं कसा चालेल? दारोदार अर्ज केलेत तर ते सगळे आम्हाला दिसतात." त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवले. घरपट्टी तुमच्या नावावर, लाइट बिल तुमच्या नावावर. कारखाना चालवते मी, पण कागदावर चालवणारा माणूस जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. माझं खातं तर कोरडं ठणठणीत. व्यापाऱ्यानं रोख हातात ठेवायची, आपण ती माती, रंग, मजुरीत वाटून मोकळं व्हायचं, हीच आपली रीत ना!

परतताना मला शाळेतली मी आठवले. तुम्ही पाटावर बसून सोंड घडवताय आणि मी कोपऱ्यातल्या ओल्या गणपतीला गुपचूप पिवळा रंग फासतेय. पुढं रंगाचे पोपडे निघाले. तुम्ही मारलं नाहीत. एक पोपडा माझ्या तळहातावर ठेवलात नि म्हणालात, "घाई कुनाला हाय गो? तुला का गणपतीला?"

या खेपेला घाई केली नाही. अख्ख्या मोसमाचे पैसे खात्यात घेतले. व्यापारी कुरकुरले, "बाबांच्या येळेला असं नव्हतं." म्हटलं, बाबांच्या वेळेला शेडही बांधायची नव्हती. अडलं ते आईपाशी. घरपट्टी माझ्या नावावर करायला वारस म्हणून तिची सही लागणार होती. "सगलं कर, पन त्यांचं नाव राहू दे गो. तेवढंच हाय आता." दोन दिवस गेले. मग स्वतःच म्हणाली, "चल, कुठं सही करायची ती करते."

सोमवारी पुन्हा अर्ज देते आहे. कर्ज मिळेल असं वाटतं. नाही मिळालं, तर का ते विचारल्याशिवाय खुर्चीतून उठणार नाही.

एक मात्र आईला सांगितलेलं नाही. हे पत्र टाकायला पत्ताच नाही, म्हणून इथं लिहिता येतंय. पंचायतीत तुमचं नाव कमी होऊन माझं लागलं, तेव्हा ती रडली. तिला बरं वाटावं म्हणून मीही डोळ्यांना पदर लावला. पण बाबा, मला रडू येत नव्हतं. मला फार आनंद झाला होता.