चिलखती गाडी आणि ओव्हनचं दार

सेंट ऑसवाल्ड्स स्टेशन, केंटचा किनारा
बुधवार, २१ ऑगस्ट १९४०

मोठ्या रेल्वेचे मोठे निवृत्त ड्रायव्हर, आदरणीय मेहुणे विल्फ्रेडराव यांस धाकट्या रेल्वेच्या धाकट्या ड्रायव्हरचा, म्हणजे अँब्रोज टॅपसेलचा, टोपी काढून नमस्कार.

तुमची कंबर, तुमची कबुतरं आणि तुमची मतं सगळी ठणठणीत असतील असं धरून चालतो. (मतं आजारी पडल्याचं तर कधी ऐकिवात नाही.) तुमच्या बहिणीचं, एडिथचं, पत्र काल मिळालं. दोन महिने तुमच्या घरी काढल्यावर तिने मला माफ केलं आहे आणि येत्या शनिवारच्या गाडीने ती परत निघणार आहे. वाचून आनंद झाला. आता ती येणारच आहे, तर तिच्या मागे इथे काय काय झालं ते आधीच कळवून टाकतो, म्हणजे आल्याआल्या तोंडाचा पट्टा सोडायला तिला कारण शोधत बसावं लागणार नाही.

तुम्हाला आठवत असेल, १९२७च्या नाताळात तुम्ही आमची लाईन पहिल्यांदा पाहिलीत. दोन रुळांत अंतर पंधरा इंच, इंजिन तुमच्या छातीला लागेल एवढं, आणि मी त्यात आरामखुर्चीत बसल्यासारखा. तुम्ही विचारलंत, "याला किल्ली कुठून देतात हो?" त्यानंतर बारा वर्षं, दर नाताळला, पुडिंग टेबलावर यायच्या आत तुम्ही तेच विचारता आणि तुमची बहीण दर वेळी नव्याने हसते. तर कळवण्यास अत्यंत आनंद होतो की ते खेळणं सरकारने लढाईला घेतलं आहे. तुमची मोठी रेल्वे सध्या बटाटे वाहते असं ऐकलं. असो, बटाटेही लागतातच.

जूनमध्ये कॅप्टन फॉदरिंगे आले. हातातल्या हुकमात 'एक चिलखती गाडी ताब्यात घ्यावी' एवढंच होतं. आमच्या प्रिमरोझकडे (हे इंजिनाचं नाव; तुम्ही तिला 'किटली' म्हणता) त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "छान. आता बाकीची कुठे आहे?" बाकीची नाही म्हटल्यावर ते फलाटावरच्या बाकावर बसले. माणूस साडेसहा फूट उंच. सैन्यातला सगळ्यांत लांब अधिकारी शोधून सगळ्यांत बुटक्या गाडीवर धाडणाऱ्या त्या कारकुनाला माझा दंडवत. मग खडी वाहायच्या दोन वाघिणींना पोलादी पत्रे ठोकले, त्यांत मशीनगन बसवल्या, आणि कॅप्टनसाहेब आत बसले तेव्हा गुडघे छातीशी आणि मान पत्र्याच्या वर. म्हणजे लढाईत काही वाचलंच तर साहेबांचे गुडघे वाचतील.

आणि नेमकं माझ्यापाशी येऊन पोलाद संपलं. मी विचारलं, "साहेब, ड्रायव्हरचं काय?" तर म्हणाले, "तुम्ही मुलकी माणूस, मिस्टर टॅपसेल. मुलकी माणसाच्या चिलखतासाठी फॉर्म नाही." मुलकी माणसाला गोळी लागत नाही असं युद्धखात्याचं मत दिसतं. मी वाद घातला नाही. घरी गेलो, तुमच्या मातोश्रींच्या बिडाच्या चुलीवरचं ओव्हनचं दार काढलं आणि माझ्या डाव्या अंगाला बोल्ट मारून बसवलं. पुढचं तुम्हाला तिखटमीठ लावून कळलंच असेल. एडिथ म्हणाली, "एक तर ते दार परत बसव, नाही तर मी चालले विल्फ्रेडकडे." मी म्हणालो, "दार कामावर गेलंय." ती गेली.

खरं सांगतो, बावीस वर्षांत त्या दाराने देशाच्या उपयोगाचं काही केलं असेल तर ते हेच. एडिथचं गुरुवारचं मटणाचं पुडिंग तुम्हीही खाल्लं आहे, तेव्हा विस्तार करत नाही. कॉर्पोरल गेडिस (ग्लासगोचा, जिभेला हाड नाही) याला मी त्या पुडिंगचं वर्णन सांगितलं, तर म्हणतो, "मामा, दार कशाला आणलंत? पुडिंगच बोल्ट मारून बसवायचं होतं!" सगळी पलटण हसली. मीही हसलो. तिच्यावर हसायची संधी इतक्या वर्षांत मला मिळाली कुठे?

आता पराक्रम ऐका. पत्र्यांचं ओझं इतकं झालं की कालव्याचा पूल आला की प्रिमरोझची चाकं जागच्या जागी फिरतात. मग गेडिस ओरडतो, "उतरा रे, बाईसाहेब दमल्या!" आणि सहा शिपाई खाली उतरून आपल्या संरक्षक गाडीला ढकलत पलीकडे नेतात. परवा आमचे पाद्री सायकलवरून आले, आम्हाला मागे टाकलं आणि जाता जाता टोपी उचलून म्हणाले, "देव पाठीशी आहे!" गेडिस म्हणाला, "मग त्यालाही जरा जोर लावायला सांगा."

त्यातून कॅप्टनसाहेबांच्या मनात आलं की गाडी वरून ओळखू येऊ नये. सगळ्या गाडीवर जाळी टाकली, जाळीत गवत आणि हिरव्या फांद्या खोचल्या. गाडी खरंच दिसेनाशी झाली. पण आमच्या फाटकावरचा नियम तुम्हाला माहीत आहे: शेतकरी नोक्सच्या मेंढ्या रूळ ओलांडत असल्या की गाडीने थांबायचं. थांबलो. मेंढ्यांनी आमच्याकडे पाहिलं, पण गाडी कुठली, त्यांना दिसला हिरवागार उतार. दहा मिनिटांत ब्रिटिश लष्कराचा वेश त्यांच्या पोटात. साहेब ओरडून लाल झाले, तर म्हातारा नोक्स काठीवर हनुवटी टेकून म्हणतो, "हळू बोला कॅप्टन, दचकून खाल्लं की त्यांना बाधतं."

आणि असे आम्ही उघडेबोडके उभे असताना विमान आलं. जर्मन. गाडी पाहून त्याला वाटलं असणार की ही नेहमीच्या मापाची आहे आणि आपण अजून खूप उंचावर आहोत. त्या अंदाजाने त्याने गोळ्या सोडल्या त्या शंभर यार्डांवरच्या नोक्सच्या सलगमांवर. दुसऱ्या फेरीला तो इतका खाली आला की मला त्याचा चेहरा दिसला. विल्फ्रेडराव, शपथेवर सांगतो, १९२७च्या नाताळात तुमचा झाला होता तोच चेहरा. या वेळी एक गोळी ठण्णकन् दारावर बसली आणि खाली पडली. त्या दारावर काहीतरी टणक बाहेरच्या बाजूने येऊन आपटल्याची ही पहिलीच वेळ, एरवी टणक वस्तू आतूनच यायच्या. तो निघून गेल्यावर साहेबांनी अहवाल लिहिला, 'शत्रूची दिशाभूल करण्यात यश.' मेंढ्यांचा उल्लेख नाही.

तर असं सगळं उत्तम चाललं आहे. मला डब्यातल्या गोमांसाची सवय झाली असून तब्येत सुधारली आहे. घरात शांतता आहे. एडिथ आली तर येवो, पण दार मिळणार नाही, आणि चुलीपाशी तिच्यावाचून काही अडत होतं असं मला कधीच जाणवलं नाही.

आपला,
किटलीवाला अँब्रोज

ता. क. वरचं पत्र एडिथला मोठ्याने वाचून दाखवा. पुडिंगचा भाग दोनदा.

ता. क. २. हा कागद मुद्दाम वेगळा घेतला आहे. वाचून चुलीत घाला. (तुमच्या चुलीला दार आहे.)

विल्फ्रेड, तिला येऊ देऊ नका. 'इकडे धोका आहे' असं कळवलं तर ती शनिवारची वाट न बघता उद्याच निघेल. तुमची बहीण आहे, तुम्हीच बघा. तिला तिकडे थांबवून ठेवील अशी एकच गोष्ट होती, तिचा माझ्यावरचा राग, आणि तोही बयेने सोडून दिला. म्हणून हे पत्र. पुडिंगबद्दल लिहिलेलं सगळं खोटं आहे. दोन महिन्यांत माझा पट्टा दोन भोकं आत गेला आहे, आणि तिचं माफीचं पत्र वाचून मी त्या बिनदाराच्या चुलीसमोर बसून रडलो.

सोमवारी पहाटे साडेपाचला मी गाडीवर होतो. कालव्याच्या पुलासाठी टाकलेला बॉम्ब आमच्या कोबीच्या वाफ्यात पडला. घर उभं आहे, फक्त झोपायच्या खोलीची खिडकीकडची भिंत पलंगावर आली. खिडकीकडे एडिथ झोपते.

तेव्हा तिला भडकवा, मला वाटेल ते बोला, तिलाही बोलायला लावा. आणि इतकं करूनही ती शनिवारी पेटी घेऊन उभी राहिलीच, तर घड्याळं मागे करा, नाही तर स्टेशनवर नेताना लांबचा रस्ता घ्या. चाळीस वर्षांत तुम्ही एक गाडी चुकवली नाहीत, हे दर नाताळला ऐकतो. ही चुकवा.