अम्मा राहिली ती दुपार

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अम्मा तुमच्याविषयी बोलताना कधी 'होते' म्हणते, कधी 'हायेत'. मी दुरुस्त करत नाही. आम्ही दोघी आता लातूरला असतो. क्लासेससाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथं मी रेक्टर आहे. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आम्हाला राहायला दिल्यात. दुपारी मुली क्लासला गेल्या की सगळी इमारत गप्प होते, आणि मला मुखेडचं आपलं घर दिसायला लागतं. दिसतं म्हणजे मी त्यात असतेच.

तिथं नेहमी उन्हाळ्यातली दुपार असते. दाराला ओलं पोतं लावलेलं, त्यातून गाळून आलेला पिवळा उजेड, आणि तुम्ही एसटी डेपोतून जेवायला आलेले. तुमच्या हातांना डिझेलचा वास. कितीही घासले तरी नखांत काळं उरायचंच. आई गेल्यापासून आपण दोघं असे समोरासमोर बसून जेवायचो आणि भाकरी मोडल्याचाच काय तो आवाज. मग कुणीतरी स्थळ आणलं. देगलूरच्या पलीकडची, तेलुगू बोलणारी बाई. तिचं तान्हं लेकरू गेलं होतं, आणि ते हिच्याच पायगुणानं गेलं म्हणून नवऱ्यानं तिला सोडचिठ्ठी दिली होती. विहारात थोड्या माणसांत तुमचं लग्न लागलं. घरी आल्यावर ती दाराच्या आत आपल्या पेटीवरच बसून राहिली, परत जायची गाडी लागायची असल्यासारखी. तुम्ही लांब भिंतीला टेकून म्हणालात, "हितं तुला कुणी काही इचारणार न्हाई. बोलावं वाटलं तर बोल. न्हाई वाटलं तरी घर तुझंच हाय." तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. मला वाटतं, आवाज कळला असावा.

ती 'मी आलो, मी गेलो' असं पुरुषासारखं बोलायची आणि मी हसायची. एकदा तुम्ही ताटावरून मान वर केलीत. तुम्ही मला कधी रागावत नव्हता, म्हणून ते अजून कानात आहे. "ती आपली भाषा शिकून राहिली. तू तिची किती शिकलीस?" मी शिकायला लागले. ती एकेक वस्तू दाखवायची आणि नाव सांगायची. तिला काय म्हणायचं, हा प्रश्नही असाच सुटला. 'आई' हा शब्द मला कुणाला देववत नव्हता. 'अम्मा' मोकळा होता.

तुम्हीही गुपचूप शिकत होता, हे मला कुठं ठाऊक? एका दुपारी जेवता जेवता तुम्ही घसा खाकरून पाण्याचा तेलुगू शब्द म्हणालात. काय उच्चार केलात देव जाणे. अम्मा उठली आणि तिनं मिठाची वाटी आणून पुढं ठेवली. तुम्ही चिमूटभर मीठ पानात वाढून घेतलंत. मी ओरडले, "अम्मा, पाणी मागून राहिले ते!" ती पदर तोंडाला लावून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचं पाणी कधी दुसऱ्याच कशाचं झालं, ते आपल्या तिघांनाही कळलं. तुम्ही भाकरी तशीच हातात धरून बसला होता.

पण तेव्हाही ती आणि मी आतल्या खोलीत निजायचो आणि तुम्ही बाहेरच्या. गावाला सगळं दिसतं. ते देगलूरपलीकडे तिच्या भावापर्यंत गेलं, आणि एके दिवशी तो दुपारच्या गाडीनं आला. माणूस वाईट नव्हता. टोपी हातात घेऊन बसला. म्हणाला, "दाजी, तुमचं जमलं न्हाई म्हणून ऐकलं. तुमची चूक न्हाई. आमची बाईच मोडलेली हाय. घेऊन जातो मी तिला." मला वाटलं, तुम्ही आता नाही म्हणाल. चुलीपाशी अम्माची पाठ दिसत होती. तुम्ही म्हणालात, "मला काय इचारता? तिला इचारा."

त्या क्षणी मला तुमचा राग आला, अप्पा. वाटलं, हातची सोडून दिलीत तिला. पुढं मोठी झाल्यावर कळलं, की तिला त्याआधी कुणी काही विचारलंच नव्हतं. पहिलं लग्न ठरवताना नाही, मोडताना नाही. तुमच्याशी ठरवतानाही नाही. भावानं तेलुगूत विचारलं. ती वळली नाही. भाकरी थापायचा आवाज चालू होता. मग ती मराठीत बोलली, तुम्हाला कळावं म्हणून. "भाकरी करून राहिलो मी. दिसंना का?" भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "चौघांची करून राहिलो. भाऊ, हात धू."

कुणी हसलं नाही. तुम्ही उठून बाहेर गेलात. मी मागोमाग आले, तर तुम्ही रांजणापाशी उभे राहून धुतलेल्याच हातांवर पुन्हा पुन्हा पाणी घेत होता. त्या आठवड्याच्या बाजारातून तुम्ही हिरव्या बांगड्या आणल्यात आणि द्यायच्या कशा ते न सुचून माझ्याच हातात ठेवल्यात. माझ्या मनगटावरून त्या घसरत होत्या. मी न्यायच्या तिथं नेल्या. थंडी सरेपर्यंत मी आतल्या खोलीत एकटी निजायला शिकले, आणि पलीकडून दोन भाषांतलं हळू बोलणं ऐकत झोपी जायला लागले.

माझं लग्न मोडलं ते तुम्ही पाहिलं नाहीत, बरं झालं. तिथं शांततेचीही भीती वाटायची. मी अम्माकडे परत आले. मग इथं लातूरला मुलींच्या मेसचा स्वयंपाक बघणारा एक माणूस भेटला. त्याची बायको आजारानं गेलेली, आठ वर्षांची लेक आहे. त्यानं विचारलं, मी नाही म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. अम्मा म्हणाली, "राग आला की काय करतो त्यो?"

"भांडी घासतो," मी म्हटलं. "जोरजोरात."

"मग नाही कशाला म्हणून राहिलीस?"

रविवारी तो लेकीला घेऊन आला. ती चप्पल पायात ठेवूनच कॉटच्या कडेला टेकली. मग मला म्हणाली, "तुम्हाला गोल चपात्या येतात? आमच्या पप्पांना येतात."

"मला नाही येत," मी म्हटलं. "नकाशे होतात."

तिनं विचार केला. "मग पप्पाच करतील," ती म्हणाली, आणि चप्पल काढून मांडी घालून नीट बसली. पुढच्या महिन्यात आमचं लग्न आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकायला पत्ताही नाही. अम्मा आत झोपलीय. मला भीती वाटते हे मी तिला सांगितलंय, त्यालाही सांगितलंय. सगळ्यांनी समजूत घातली. पण अप्पा, मला फार आनंद झालाय, हे मात्र अजून कुणालाच सांगायचं धाडस झालं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.