वाकल्यावरचं माप

कट्टा, ता. मालवण
रविवार, १८ मे २०२५

प्रिय दादा,

पहिलं म्हणजे शुद्धलेखनाला हसू नकोस. नववीत शाळा सोडलेल्या मुलीचं आहे ते. आणि मोबाईलवर मी एका बोटाने टाईप करते, त्यामुळे सकाळी चहा पिऊन बसले ती जेवणाची वेळ झाली तरी इथेच आहे. लिहायला घेतलं की शाळेतली भाषा येते आणि बोलणं आठवलं की आपली. दोन्ही चालवून घे.

आम्ही बरी आहोत. बाबांचा उजवा हात अजून थरथरतो, पण जेवतात स्वतःच्या हाताने. काजू यंदा कमी झाला. तू मुंबईत गाडीवरून जेवणाची पार्सलं पोचवतोस तेव्हा हेल्मेट घालतोस ना? विमलाकाकू रोज विचारते. मी "घालतो" म्हणून ठोकून देते.

तुला एक सांगायचं आहे. सहा वर्षं राहिलंय. ते जमेल तेव्हा सांगते, आधी दुसरं.

गेल्या महिन्यात एका डिझाइन कॉलेजची वीस मुलं आपल्याकडे आठवडाभर होती. जुन्या वस्तू कोणी, कशा, कशासाठी केल्या आणि पुढे त्यांचं काय होणार, हा त्यांचा अभ्यास. असापण अभ्यास असतो, मला माहीतच नव्हतं. त्यांच्या आकांक्षा मॅडम बाबांना म्हणाल्या, "काका, आम्हाला इरलं शिकवा."

बाबा हसले. "इरला? लावणेक आता बायलमाणसां प्लास्टिक पांघरतत. बांबूचा नि पानांचा ह्यां वझां कोण डोक्यार घेता?"

पण कबूल झाले. ते बसून सांगायचे, मी विणायची. गेलं वर्षभर विणकाम मीच करते, तुला कोणी सांगितलं नसेल.

मुलांनी त्यांचं एक इरलं केलं. आत पानांऐवजी ताडपत्री लावली. माप मॅडमचं घेतलं, त्यांना सरळ उभं करून, टेपने. मी बघत होते. चूक दिसत होती. पण वीस जणांसमोर बोलायचं तर माझी जीभ टाळ्याला चिकटते. शाळा मी गणितामुळे सोडली असं सगळ्यांना वाटतं. मी सोडली ती उभं राहून धडा वाचायला लागायचा म्हणून.

मग अंगणात परीक्षा. मॅडम इरलं घालून उभ्या, आणि ओंकार म्हणून त्यांच्यातला एक उंच मुलगा, त्याने वरून कळशी ओतली. मॅडम कोरड्या! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, वाका."

सगळे माझ्याकडे वळले.

"भात लावताना उभां कोण रवता? वाका."

त्या वाकल्या. ओंकारने दुसरी कळशी ओतली. सगळं पाणी मानेवरून पाठीत. मॅडम ओरडल्या, "अगं आई गं, गार आहे!" बाबा अंगणाच्या कडेला बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "इरल्याक कामाचा माप लागता, मॅडम. फोटोचा नाय."

मग त्यांनी मला पडवीतले सुंभ काढायला लावले. तुला आठवतात? वाशाला टांगलेले, प्रत्येक बाईचा एक. तिला लावणीला वाकवतात तशी वाकवायची, डोक्यापासून खाली सुंभ धरायचा, खांद्याला एक गाठ, कमरेला एक. काशीबाईचा सुंभ, विमलाकाकूचा, आणि हिरव्या काठाची चिंधी बांधलेला आईचा. मुलं फोटो काढत सुटली. मॅडम आईचा सुंभ हातात घेऊन म्हणाल्या, "ह्यांचं इरलं बघायला मिळेल?"

"जळला," बाबा म्हणाले आणि आत गेले.

आता सांगते.

त्या शिमग्याला आईला जाऊन आठ महिने झाले होते. होळी पेटवायची वेळ झाली होती आणि पोरं लाकडांसाठी शेवटची फेरी मारत होती. त्यांच्यातल्या मंगेशने पडवीत येऊन आईच्या इरल्याला हात लावला. "गो संचू, ह्यां जुनां नेव?" सगळे माझ्याकडे बघत होते. नाही म्हणायचं तर का ते सांगायला तोंड उघडायला लागलं असतं. मी होकाराची मान हलवली. एवढंच केलं मी, दादा. मान हलवली.

तू अंगणाच्या दगडी गडग्यापाशी होतास. तू बघितलंस. पोरांमागे धावलास, पण ते होळीत पडलं होतं. सकाळी बाबांनी राखेत बघितलं आणि विचारलं, "कोणी नेला?" तू म्हणालास, "मी." त्यांनी तुला अंगणात मारलं आणि मी दाराआड उभी होते. दहावीची परीक्षा संपली तसा तू मुंबईला गेलास तो आलाच नाहीस.

कॉलेजची मुलं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईचा सुंभ खाली काढला आणि त्या मापाचं इरलं करायला घेतलं. बाबा नुसते बघायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "उजव्या अंगान दोन बोटां वाढव. तुझी आवस कलान लावी." आई एका अंगाला कलून लावायची, सुंभात हे कुठेच नव्हतं. मी दोन बोटं वाढवली. पानं लावली. आणि त्यांच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं, मोठ्याने.

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "आनी तो मेलो सहा वर्सां माका बोलूक नाय?"

आईचं इरलं आता परत भिंतीवर आहे.

अजून एक. जायच्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना विचारलं होतं, पन्नास वर्षांनी इरलं कसं असेल, काढून दाखवा. एकाने त्यात पंखा बसवला. एकीने ते घडी करून पर्समध्ये घातलं. मीपण काढलं होतं, पण लपवलं. गेल्या आठवड्यात फोटो काढून पाठवलं. त्या चित्रात तू आहेस. गाडीवर, पावसात, दोन्ही हात हँडलला. छत्री धरायला तिसरा हात आणणार कुठून? तर पाठीवर इरलं. मॅडमचा लगेच फोन. ऑगस्टमध्ये महिनाभर कॉलेजात ये, आपण हे करून बघू. दहावीच्या दाखल्याचं त्यांनी काही विचारलं नाही. मी "येते" म्हणाले. तोंडाने.

काल बाबांनी त्या थरथरत्या हाताने नवीन सुंभ वळला आणि आईच्या सुंभाशेजारी टांगला. त्याला गाठी नाहीत.

"ह्यो कोणाचो?"

"निलेशाचो," त्यांनी तुझं नाव घेतलं.

"बाबा, इरला बायलमाणसांचा. बापये खंय घालतत?"

"घालतले. पुढचा कोणाक म्हायत? तेका सांग, गाडी घेवन ये. गाडयेर बसल्यार पाठ वेगळी वाकता. फोनार माप घेवक येत नाय."

एवढंच म्हणाले. पण दुपारी दोनदा सुंभ सरळ केला, वारा नसताना.

लावणीच्या आधी ये. माझ्यावर रागव, पण समोर येऊन रागव.

तेव्हा नुसती मान हलवणारी,
आता तोंड उघडून बोलावणारी,
तुझी संचू

ता. क. शेजारच्या गुरुदासकाकांचा कुत्रा परवा कट्ट्याच्या स्टॉपवर एसटीत चढला आणि थेट कुडाळला गेला. काल त्याच गाडीने परत आला. कंडक्टरने तिकीट नाही घेतलं.