दाजींचा चाकू

१४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद.

सोबतच्या डब्यात रुमालात गुंडाळलेला आहे तो यांचा घडीचा चाकू. ओळखू आला नाही ना? मलाही आला नव्हता. उन्हाळ्यापासून घरभर शोधत होते. काल गुलाबाचा वाफा उकरताना खुरप्याला खट्‌कन लागला. यांनीच पुरला असणार. का, ते विचारण्यात अर्थ नाही. उभा जन्म रोपवाटिकेत कलमं बांधण्यात गेला, वाटलं असेल चाकूही रुजेल. मी हसले, आणि मग तिथेच वाफ्याच्या कडेला बराच वेळ बसून राहिले.

हे दिवसभर खिसा चाचपतात. मग माझ्याकडे बघून म्हणतात, बाई, तुम्ही कामाला चांगल्या आहात, पण माझा चाकू तेवढा परत द्या. एवढा संसार करून शेवटी चोर ठरले बघ. लेक म्हणते, आई, मनावर घेऊ नकोस. मनावर न घ्यायचं औषध काही डॉक्टर देत नाहीत.

तू कारखान्यात हत्यारं घासण्यात आयुष्य काढलंस. हा होता तसा करून दे. होईल ना? आणि गुडघ्याला शेक घेतोस, की नुसता बायकोवर ओरडतोस?

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझी ताई


२३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (साष्टांग मनातल्या मनात. गुडघा वाकत नाही.)

चाकू पोचला त्याच दिवशी रॉकेलमध्ये भिजत घातला. सारखा उठून बघत होतो, तर ही म्हणाली, माझा ताप बघायला काही इतक्या वेळा उठला नव्हतात. शेवटी पातं हललं. मुठीच्या लाकडाचा भुगा हातात आला. स्प्रिंग मधोमध तुटलेली. पिना गंजून इतक्या फुगल्या होत्या की ड्रिलनेच काढाव्या लागल्या.

पण पातं, ताई! गंजाखाली पोलाद शाबूत आहे. दाजींनी वर्षानुवर्षं दगडावर घासून ते निम्म्याने अरुंद केलंय, तरी धारेची रेघ टोकापर्यंत सरळ. असा हात मी कारखान्यातही फारसा पाहिला नाही. बारीक दगडावर धार लावली. मनगटावरचे केस उडतात. खात्री करायला हिचा हात मागितला, तर ती पाठ फिरवून निघून गेली.

जुन्या करवतीच्या पात्यातून नवी स्प्रिंग कापतोय. मुठीला पेरूचं लाकूड लावतो. दाजींना सांग, तुमचा सोबती येतोय. आणि पुन्हा चोर म्हणाले तर म्हण, चाकू भावाने नेलाय.

जीव लावतेस तशीच लावत राहा.

तुझा धाकटा


३० ऑगस्ट

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आज थट्टा नाही. परवा मी मागे कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात यांनी स्वयंपाकघरातली सुरी उचलली आणि शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन त्यांच्या लिंबाला कलम करायला बसले. डाव्या तळव्याला खोल चीर गेली. टाके पडले. शेजारी भले, अंगणातलं रक्तही त्यांनीच धुतलं. लिंबाचं खोड मात्र पार सोलून निघालंय. ज्या माणसाच्या हातून कधी कलमाचा एक डोळा वाया गेला नाही, तो त्या खोडाकडे बघून मलाच विचारत होता, हे कोणत्या अडाण्याने केलं?

डॉक्टरांनी बजावलंय, धारेची वस्तू यांच्या हाती लागता कामा नये. लेकीने सुऱ्या, कात्र्या सगळं कुलपात टाकलं. पण खिसा चाचपणं थांबत नाही रे. पट्टी बांधलेल्या हातानेही चाचपतात.

म्हणून सांगते. चाकू पुरा कर. उघडू दे, मिटू दे, खटका वाजू दे. फक्त त्याची धार घालव. टोकही. मूठ जाड कर, यांची बोटं आता नीट आवळत नाहीत. आणि तांबडी रंगव, म्हणजे परत पुरला तर मातीत दिसेल.

मी तुला काय करायला सांगतेय ते मला कळतं.

ताई


१२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून चिडलो. दाजींवर नाही, तुझ्यावरही नाही. कुणावर चिडावं ते सापडेना म्हणून हिच्यावर ओरडलो. चाकू फडक्यात बांधून फळीवर टाकला आणि दिवसचे दिवस तिकडे फिरकलो नाही. शेवटी ही म्हणाली, तिकडे तो माणूस खिसा चाचपत असेल आणि तुम्ही इथे लोखंडाच्या नावाने रडत बसलाय.

मग बसलो. आयुष्यभर धार लावली, ताई. घालवायची कशी ते या हातांना ठाऊकच नव्हतं. पातं घासायच्या चाकावर आडवं टेकवलं आणि पहिल्या ठिणगीलाच मागे घेतलं. उठून पाणी प्यायलो. पुन्हा टेकवलं, आणि मग थांबलो नाही. कड आता नाण्याच्या कडेइतकी जाड आहे, टोक गोल. स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिलंय. मूठ जाड, अंगठ्यापाशी खोलगट, तांबडी. मागे एक कडी बसवलीय, दोरीने पट्ट्याला अडकवता येईल. खटका खणखणीत वाजतो.

दाजींना फसवता येणार नाही. विचारलं तर सरळ माझं नाव सांग. राग माझ्यावर निघू दे. तुझ्या वाट्याला पुरेसा आलाय.

माया कमी करू नकोस.

धाकटा


२५ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि यांचेही. का, ते पुढे लिहिते.

चाकू काल दुपारी आला. हे ओट्यावर बसले होते. मी चाकू हातात दिला. यांनी मूठ उलटीपालटी करून पाहिली, पातं उघडलं, मिटलं, खटका ऐकला आणि चेहरा असा उजळला की मी मनात तुझे हात धरले. मग यांनी, सवयीने, अंगठा पात्यावर आडवा फिरवला.

चेहरा उतरला. परत फिरवला. म्हणाले, काम करणाऱ्याचा हात चांगला आहे, पण याला धार नाही. कुणी केलं? मी तुझं नाव सांगितलं. तो का असं करेल, म्हणाले, त्याला तर हत्यारातलं कळतं. मी ठरवलं होतं, सांगायचं की विसरला, पुढच्या वेळी लावून देईल. पण समोर इतक्या सरळ नजरेने बघत होते की माझ्याने खोटं बोलवेना. म्हटलं, तुमचा हात कापला म्हणून. मीच त्याला सांगितलं.

यांनी तळवा उलटा करून त्या व्रणाकडे पाहिलं. आणि मग मला चिमणे म्हणून हाक मारली. ही हाक फक्त यांची. गेल्या हिवाळ्यापासून मी ती ऐकली नव्हती. म्हणाले, चिमणे, मला इतकं झालंय का गं?

धाकट्या, मी हो म्हटलं.

रडले नाहीत. चाकू मिटून खिशात घातला आणि म्हणाले, मग ठीक केलं त्याने. त्याला माझा आशीर्वाद कळव. मला विचारलं, तू जेवतेस ना वेळेवर? लेक कुठे असते आता? मी सांगत गेले, हे ऐकत गेले. माझा हात हातात होता. अंधार पडला तरी मी दिवा लावायला उठले नाही. उठले तर संपेल असं वाटत होतं.

सकाळी चहा दिला, तर म्हणाले, बाई, साखर कमी घालत जा. चाकू खिशात होता. खुशीत होते. कालचं काही म्हणजे काही यांना ठाऊक नव्हतं. बरं आहे एका अर्थी. रोज नव्याने कळण्यापेक्षा बरं. पण या घरात आजवर जे काही घडलं, ते दोघांनी आठवायचं असं होतं. काल संध्याकाळचं आठवायला मी एकटीच उरलेय.

म्हणून तुला सगळं लिहिलं. तू जपून ठेव.

तुझी ताई