अक्काचं बोलणं, सहा तारांवर

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद आणि एक धपाटा.

पत्र पोचलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांमागे गिटार वाजवलीस. नाचायचं म्हणाले, वाजवलंस. रडायचं म्हणाले, तेही वाजवलंस. आता कंपनी तुझ्या एकट्याची रेकॉर्ड काढतेय, तर म्हणे जमत नाही! साहेब सांगतात, हे अमक्यासारखं झालं, ते तमक्यासारखं झालं, स्वतःसारखं वाजव. आणि तू मला विचारतोस, अक्का, मी कसा वाजवतो? अरे मेल्या, मी दिवसभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करणारी, चौथी नापास बाई. लहानपणी गिटारवर माझी नक्कल करायचास नि सगळं घर हसायचं, तेवढंच मला ठाऊक. शुक्रवारची शेवटची संधी आहे ना? मग रडगाणं पुरे. आणि धुतलेला शर्ट घाल.

लोभ आहेच, वाढवायला सवड नाही.

अक्का

ता. ११ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि. धपाटा लागला.

शुक्रवारी दोनदा वाजवलं, दोन्ही वेळा साहेबांनी काचेपलीकडून मान हलवली. म्हणाले, आता नाही जमलं तर दुसऱ्याला बोलावतो. घाबरून डोळे मिटले, तर समोर तू, कमरेवर हात ठेवून! मग तुलाच वाजवलं. आधी प्रश्न, उत्तराची वाट न बघता ओरडा, मग भांड्यांची आदळआपट. साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, इतकी वर्षं हा माणूस लपला होता कुठं? पास झालो, अक्का! तुला न विचारता केलं, रागावू नकोस. कॅसेट भरून घेतलीय, सोबत आहे.

लोभ असावा, आवाज बेताचा असावा.

धाकटा

ता. १८ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद. धपाटा भेटलास की.

कॅसेट दुकानातच लावली. दोन मिनिटं झाली नाहीत, तर तुझे भावोजी मागच्या खोलीतून आलो आलो म्हणत धावत आले. मी तोंड उघडलं नव्हतं! गिऱ्हाइकं पोट धरून हसली. हसू देत.

पण शेवट चुकलायस. ओरडून झाल्यावर ते हळूच काय वाजवलंस? चिडून पोराला ताटावर बसवावं, नि मग दाराआडून बघावं, जेवतंय का, तसं. मी दाराआड उभी असायचे, हे तुला कोणी सांगितलं?

लोभ आहे. चारचौघांत बोलू नकोस.

अक्का