उजवीकडून आलेला ओढा

बाई, तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणूनच हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर दुसऱ्याच ओळीवर तुमची लाल पेन्सिल येऊन थांबली असती आणि मला पुढे लिहवलं नसतं. समास रुंद सोडा, मला बोलायला जागा हवी, असं तुम्ही प्रत्येक निबंधाच्या आधी बजावायचात आणि ती जागा खरोखर भरून काढायचात. शाळेत मी तुम्हाला बाई असं कधीच म्हटलं नाही. सगळे म्हणत तसं मिसेस लावून आडनावाने हाक मारायची. मनात मात्र पहिल्या दिवसापासून तुम्ही बाईच होतात. तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, मीही साठीला टेकले. तरी तुमच्याबद्दलची एक शंका काही केल्या मिटत नाही. तिच्यामुळेच आज लिहायला बसले आहे.

ते दिवस ऐंशीच्या दशकातले. बाबा अमेरिकेत वुस्टरजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर, आम्ही श्रूजबरीत भाड्याच्या घरात, आणि मी सांगलीहून येऊन जेमतेम रुळलेली. वर्गात हिंदुस्थानातली मी एकटीच. त्या हिवाळ्यात तुम्ही अमेरिकन साहित्यातला रोमँटिक काळ शिकवायला घेतलात. घरी आईने भुवया उंचावून विचारलं, "म्हणजे लव्हबिव्ह शिकवतात की काय गं?" तिची समजूत घालता घालता माझाच धडा पक्का झाला. तर्कापेक्षा अंतर्मन मोठं, शहरापेक्षा रान मोठं, आणि चार लोकांपेक्षा एकटा माणूस मोठा, असं त्या लेखकांचं म्हणणं. "एकटं राहून कुणाचं भलं झालंय," म्हणून आई पोळ्या लाटायला लागली.

फळ्यावर तुम्ही नदी काढली होती. तिला येऊन मिळणारे ओढे म्हणजे त्या लेखकांवरचे प्रभाव. एक ओढा इंग्लंडच्या कवींचा, एक जर्मन तत्त्वज्ञांचा, एक इथल्या अफाट अरण्याचा, एक पापाला भिणाऱ्या कर्मठ पूर्वजांचा. सगळ्यात शेवटी फळ्याच्या उजव्या कडेने तुम्ही एक बारीक रेघ ओढलीत आणि तिच्यावर लिहिलंत, पूर्वेकडचे ग्रंथ. मग वळून माझ्याकडे बघून हसलात. तो ओढा माझ्याच बाकाखालून निघाल्यासारखा सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

आणि नेमका त्याच आठवड्यात माझ्याकडून तो घोटाळा झाला. पुस्तक बाकाशेजारी जमिनीवर ठेवलेलं. पाय हलवते तर तो पुस्तकाला लागतो. मी वाकून पुस्तक उचलते, कपाळाला लावते आणि बाकावर ठेवते. हे करताना माझं लक्षही नाही. मान वर करते तो तुम्ही शिकवायचं थांबवून माझ्याकडे बघताय. "पाहिलंत?" तुम्ही वर्गाला म्हणालात. "पुस्तकाला हा मान. आपले लेखक हेच तर शोधत होते." तुम्ही बोललात अर्थात इंग्रजीत, पण मला ते आठवतं मराठीत. मला सांगायचं होतं की बाई, आमच्याकडे एसटीत अनोळखी माणसाला पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतात, धान्याच्या मापाला चुकून लागला तरी करतात. त्यात अध्यात्म वगैरे काही नसतं, शिंक आल्यावर तोंडापुढे हात जातो तसं ते होतं. पण तुमचा चेहरा इतका उजळला होता की मी पुस्तक उघडून पान शोधायला लागले.

त्यानंतरच्या निबंधाला ए मिळाला. त्याच्या पुढच्यालाही. दोन्हींत मी पूर्वेकडच्या ओढ्यावर पानभर लिहिलं होतं. माझा स्वभाव मुळात संशयी, आई म्हणायची, हिला देवाने प्रसाद दिला तरी ही आधी वास घेईल. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला तेव्हाच वाटायला लागलं. एका शनिवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. आईने डबाभर चिवडा दिला आणि वर सूचना, "चर्चचं काही काढलं तर ऊठ आणि ये." तुमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर पुस्तकं, खिडकीवर बर्फ, आणि तुम्ही चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाताय. चर्चचा विषय निघाला नाही. तुम्ही म्हणालात, "कॉलेजात साहित्य घे. तुझ्यात ते आहे." परतताना गाडीत मी बाबांना सांगितलं. बाबा रस्त्यावरून नजर न काढता म्हणाले, "ती तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवतेय. लिटरेचर करून जॉब कोण देणार? आणि तुझ्यात ते आहे म्हणजे नक्की काय आहे, ते विचारलंस?"

विचारलं नव्हतं. त्या रात्रीपासून तोच प्रश्न डोक्यात. तुम्हाला माझ्यात वाचणारी मुलगी दिसत होती, की फळ्यावरची ती उजवीकडची रेघ? मला साहित्यच शिकायचं होतं, बाई, हे तुम्हाला मी कधी बोलून दाखवलं नाही. पण माझ्या जन्मगावाला मिळालेल्या मार्कांवर आख्खं आयुष्य लावायची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी तुमची परीक्षा घ्यायची ठरवली. शेवटच्या निबंधात लिहिलं की उजवीकडचा ओढा नावापुरताच आहे. या लेखकांनी पूर्वेकडचे ग्रंथ भाषांतरात वाचले आणि आधीपासून मनात होतं तेच त्यांत शोधून काढलं. त्यांच्यावर खरा पगडा आहे तो लहानपणापासून कानावर पडलेल्या प्रवचनांचा. चर्च सोडून ते रानात गेले, पण आवाज धर्मोपदेशकाचाच राहिला. सोळाव्या वर्षीचा आगाऊपणा, दुसरं काय. तुम्ही बी मायनस दिलात. वर्ग सुटल्यावर मला थांबवून म्हणालात, "ही शंका आहे, वाचन नव्हे. त्यातलं एक तरी प्रवचन वाचलंस का? वाच, आणि मग परत ये." मी मान डोलावली आणि घरी आले. मला हवा तो पुरावा मिळाला होता. पूर्व गेली, ए गेला. कॉलेजात कॉम्प्युटर घेतला. बाबांनी त्या आठवड्यात आमच्या चार मराठी घरांना जेवायला बोलावलं.

माझं वाईट काही झालं नाही. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि तिथे संशयी माणसाची चांगली कदर होते. आता अ‍ॅशबर्नला मुलीजवळ राहते. गेल्या हिवाळ्यात वेळ जाईना म्हणून लायब्ररीतून ती जुनी प्रवचनं आणली. नरक, आग, पश्चात्ताप, पुन्हा आग. पेंग यायची. एकदा झोप उडावी म्हणून स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचायला लागले, आणि तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आधी ऐकणाऱ्यालाच विचारलेला प्रश्न, मग ठोकून सांगितलेलं एक छोटं वाक्य, मग थोपटत नेणारं लांबच लांब वाक्य. तुम्ही वर्गात मोठ्याने वाचायचात ते रानातले लेखक, जसेच्या तसे. खात्री पटेना म्हणून त्यांचीही पुस्तकं आणली आणि आलटून पालटून वाचत बसले. मुलगी डोकावून म्हणाली, "आई, आर यू इन्व्हेस्टिगेटिंग अगेन? जस्ट एन्जॉय कर ना यार."

माझं म्हणणं बरोबर होतं, बाई. उजवीकडचा ओढा अगदीच कोरडा नव्हता, एवढी दुरुस्ती मी करेन. पण बाकीचं बरोबर होतं, फक्त तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. मी अंधारात दगड मारला होता आणि तो लागला होता. अशा दगडाला बी मायनसच द्यायचा असतो, मीही तेवढाच दिला असता.

इथेच माझी झोप उडाली आहे. कारण तो बी मायनस तुम्ही वाचून, तोलून दिला असेल, तर आधीचे ते ए कशावरून तसेच दिले नसतील? मग तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही जे म्हणालात ते मला म्हणाला असाल, माझ्या गावाला नाही. की तिथेही तुम्ही त्या रेघेकडेच बघत होतात? दोन्ही खरं वाटतं, दिवसाआड. आता सांगणारं कुणी नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही परत ये म्हणाला होतात. मी यायला हवं होतं असंही नाही म्हणत, पण आले असते तर निदान तुमचा चेहरा बघून कळलं असतं.

हे कुठे पाठवायचं नाही, पाठवायला जागाही नाही. टेबलाच्या खणात राहील. मराठीत लिहिलं म्हणजे तुमच्या पेन्सिलीपासून सुटका, असं सुरुवातीला म्हटलं खरं. पण आता कागद नीट लावताना बघते आहे, प्रत्येक पानावर डावीकडे मी समास रुंद सोडला आहे.